हाडाचे लाड

दहा-बारा धडधाकट माणसं एका छपराखाली राहायला लागली, एकाच विहिरीवर अंघोळ करायला आणि एकाच तव्यावरची भाकरी खायला लागली, की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. पुढं कधीतरी चार जण चहाला बसले की एकेक बाहेर निघतो, आणि तो घडला तेव्हा आपली कशी गाळण उडाली होती हे मात्र कुणी सांगत नाही.

आमची तालीम कोरेगावात, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. महायुद्ध नुकतंच संपलेलं. मी तिथं दोन वर्षं काढली आणि एकही कुस्ती मारली नाही. पण कुस्त्या मारणाऱ्यांच्यात बसायची मला हौस होती, आणि आमच्या नाना वस्तादांना माझी कीव होती. आता मी सांगायला बसलो की लोक म्हणतात, "तिखटमीठ लावतोस." लावतो! भाजी मात्र तालमीतलीच आहे.

या सगळ्याचं मूळ मारुतीच्या डाव्या नडगीत आहे. मारुती आमचा सगळ्यात तयारीचा गडी. कुंडलच्या एका रिटायर सुभेदाराच्या मुलीशी, हिराशी, त्याचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती. अशात एका सकाळी मारुतीनं कुस्तीच्या हौद्यात चार गडी लोळवले, मिशीवरून हात फिरवत बाहेर आला आणि विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरला. नडगी कडकन वाजली. पाडणारा समोर कुणी नव्हताच, त्यामुळं राग कुणावर काढावा ते वस्तादांना कळेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहार आणून ती पायरीच उखडून टाकली. तेव्हापासून विहिरीत उतरताना एक पायरी कमी पडायची, आणि आणखी तिघं घसरले.

*

प्लास्टर काढलं त्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात दाटीवाटीनं उभे होतो. डॉक्टर मूळचे वाईचे, लढाईत पलटणीबरोबर जाऊन आलेले. पेशंटशी बोलायचे ते कवायतीच्या आवाजात. त्यांनी प्लास्टर कापलं आणि आतून जो पाय निघाला तो बघून वस्तादांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. पोटरी नावाला उरली होती. मारुतीनं एकदा पायाकडं बघितलं, एकदा डॉक्टरांकडं.

"डाक्टर, ह्यो माजा न्हवं," तो म्हणाला. "कुनाचा तरी बदलून आला."

डॉक्टर म्हणाले, पाय तुझाच आहे, काम नव्हतं म्हणून वाळला. मांसाला ओढ लागते आणि हाडाला भार लागतो. ओढ पडली नाही की मांस झडतं, भार पडला नाही की हाड भुसभुशीत राहतं. तुझं हाड जुळलंय पण कच्चं आहे. थोडा थोडा भार टाकत गेलास तर पक्कं होईल.

"हाडाचे लाड केले की ते ऐदी होतं," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून पाय टेकायचा."

मारुती टेकेना. एवढा वाघासारखा गडी, पण तो कडकन वाजलेला आवाज त्याच्या कानात बसला होता. पाय जमिनीच्या वीतभर वर धरून तो दोन कुबड्यांवर तालीमभर हिंडायचा. आम्ही समजूत काढली, वस्तादांनी शिव्या घातल्या, डॉक्टरांनी दोन्ही केलं. पाय वरच.

त्यात कुंडलहून सुभेदारांचा निरोप आला. फाल्गुनात नवऱ्या मुलानं आमच्या घरी यावं आणि आपल्या पायानं उंबरा ओलांडावा. कुबडी घेऊन आला तर सुपारी परत. निरोप ऐकून मारुती दोन दिवस जेवला नाही. हिराला त्यानं एकदाच बघितलं होतं, तेही पोह्यांच्या ताटलीवरून. पण तेवढ्यानं गड्याचं काम झालं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

*

मारुतीला पटत नाही तर सगळ्या तालमीलाच पटवू, म्हणून डॉक्टर एका संध्याकाळी तालमीत आले. आम्ही मातीत मांडी घालून बसलो. डॉक्टर म्हणाले, आपलं शरीर म्हणजे बारीक बारीक जिवंत कणांचा डोंगर आहे, त्यांना पेशी म्हणतात. डोळ्यांनी दिसत नाहीत, पण दाबलं, ओढलं, घासलं की त्यांना समजतं. त्याप्रमाणं त्या आपलं वागणं बदलतात. दांडपट्टा फिरवणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात ते काय आपोआप पडतात? घासलं जातंय हे आतल्या पेशींनी ओळखलं आणि कातडी जाड केली.

वस्ताद बराच वेळ स्वतःच्या दंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, प्रत्येक पेशी जिवंत? डॉक्टर म्हणाले, प्रत्येक. खाते? खाते.

"म्हंजे माज्या अंगात एवढी खानारी तोंडं हायत," वस्ताद म्हणाले, "आनि आजपातुर मी एकट्याच्या हिशेबानं जेवतुया?"

त्या रात्रीपासून वस्तादांच्या दोन भाकरी वाढल्या. काकू, म्हणजे वस्तादांची बायको, कुरकुरायला लागल्या की ते शांतपणे सांगायचे, "माज्यासाठी न्हाई गं. पोरंबाळं हायत आत."

डॉक्टरांच्या भाषणाचा तालमीवर झालेला हा पहिला परिणाम. मारुतीवर काहीच झाला नाही. तो म्हणाला, माझ्या नडगीतल्या पेशींना पण तो आवाज ऐकू गेला असणार, त्या भ्यालेल्या आहेत, त्यांना जरा वेळ द्या.

*

शिदा हा आमच्यातला सगळ्यात बुटका. त्याचे तिन्ही भाऊ पलटणीत होते आणि त्यालाही जायचं होतं, पण साताऱ्याच्या भरतीत उंचीला बोटभर कमी पडून तो परत आला होता. डॉक्टरांचं भाषण सगळ्यात मन लावून ऐकलं ते त्यानं.

काकूंच्या परसात मांडवावर पडवळ लागली होती. पडवळ वेडीवाकडी वाढू नये म्हणून तिच्या शेंड्याला दोऱ्यानं दगड बांधतात, ते सगळ्यांनाच माहीत आहे. दगडाच्या ओढीनं पडवळ सरळ आणि लांब उतरते. शिदा एक दिवस त्या मांडवाखाली तासभर उभा राहिला आणि तिथून थेट डॉक्टरांकडं गेला. पडवळीतही पेशीच असतात का, त्यानं विचारलं. डॉक्टर घाईत होते. हो म्हणाले.

झालं! तालमीमागच्या कडुलिंबाला एक आडवी फांदी होती. शिदा रोज सकाळी पायांना एकेक दगड बांधून त्या फांदीला लोंबकळायला लागला. सुरुवातीला त्याचे पाय जमिनीपासून चांगले टीचभर वर राहायचे. महिन्याभरात चार बोटं. आणखी काही दिवसांनी दोन बोटं. शिदा कुणाला काही बोलायचा नाही, नुसता गालात हसायचा. ज्या दिवशी त्याचे अंगठे जमिनीला लागले त्या दिवशी त्यानं सगळ्या तालमीला पेढे वाटले, मारुतीला दोन दिले. देवापुढं नारळ फोडला आणि भावाची जुनी विजार काढून घातली, कारण आता आपली आखूड होणार.

साताऱ्याला भरतीच्या हवालदारानं त्याला फळीला टेकवून उभा केला. बोटभर कमी. शिदा म्हणाला, परत मोजा. हवालदारानं परत मोजलं आणि घरी जा म्हणाला.

शिदा तसाच चडफडत परत आला. आम्ही सगळे लिंबाखाली जमलो. वस्तादांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं.

"शिदा वाडला न्हाई," ते म्हणाले. "लिंब वाकला."

डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांना खरं तर आनंदच झाला. बघा, ते म्हणाले, रोजच्या भारानं जिवंत फांदीसुद्धा आपला आकार बदलते, मग मारुतीचं हाड का नाही बदलणार? मारुतीनं एवढंच विचारलं, "म्हंजे माजं बी वाकंल?"

*

रोपाचा किस्सा वस्तादांचा स्वतःचा. डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं की काठीला बांधून वाढवलेलं झाड काटकुळं होतं, आणि वाऱ्यानं हलत राहिलेलं झाड बुंध्यात मजबूत होतं. वस्तादांना हे फार पटलं. काकूंच्या वांग्यांच्या वाफ्याला भिंतीमुळं वारा लागत नव्हता. त्यांनी हुकूम काढला, जोर-बैठका झाल्यावर प्रत्येकानं एकेक सरी धरून वांगी हलवायची.

रोज पहाटे दहा पैलवान लंगोटावर ओणवे होऊन वांगी हलवतायत, हे दृश्य बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. आणि रोपं खरोखरच दणकट झाली! बुंधे अंगठ्यापेक्षा जाड. उंचीला मात्र बेताची, आणि वांगं एकही नाही. काकूंनी महिनाभर वाट बघितली. मग एक दिवस त्यांनी एक रोप उपटून वस्तादांच्या ताटात ठेवलं, मातीसकट.

"तुमचा पैलवान हाय," त्या म्हणाल्या. "जेवा ह्येच्यासंगं."

*

माघ लागला तरी मारुतीचा पाय वरच होता. तेव्हा शिदाला एक युक्ती सुचली. भीतीनं भीती जाते, त्याचं म्हणणं. मारुती उन्हात बाजेवर बसला असताना वस्तादांचा रेडा त्याच्या अंगावर सोडायचा. जिवाच्या आकांतानं माणूस उठून पळणारच, आणि पळायला दोन पाय लागतात.

रेडा सोडला. चांगला मारका रेडा, मुंडी खाली घालून निघाला. आम्ही भिंतीवर चढून बसलो होतो. मारुतीनं मान वळवून बघितलं, डावा पाय जपून बाजेवर आडवा ठेवला आणि बसल्या जागी दोन्ही शिंगं धरून रेड्याची मान पिळली. रेडा गुडघ्यांवर आला. मग खालीच बसला. बराच वेळ दोघं तसेच समोरासमोर बसून होते, आणि शेवटी रेड्यानंच तोंड फिरवलं.

डॉक्टर धावत आले. आम्हाला शिव्या देऊन झाल्यावर त्यांनी मारुतीचे दंड चाचपले आणि म्हणाले, अरे, दोन महिने सगळं शरीर हातांवर पेललंस म्हणून हे असे झाले, आता त्यातलं थोडं पायाला दे. वस्ताद म्हणाले, "वरनं भीम आनि खालनं बगळा. सुभेदाराला काय दाखवू?" मारुती हसला नाही. रेड्याची भीती वाटत नाही आणि जमिनीची वाटते, याची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती, हे त्यानं त्या संध्याकाळी मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

*

अखेर डॉक्टरांनी तराजू काढला. बाजारात गुळाच्या अडतीवर शेटचा मोठा काटा टांगलेला असायचा, त्याची पारडी जमिनीलगत. डॉक्टर म्हणाले, एका पारड्यात माप ठेवायचं. दुसऱ्यात मारुतीनं नुसता डावा पाय ठेवून, पारडी बरोबरीला येईपर्यंत दाबायचं. आधी दोन शेर, मग चार, असं चढवत जायचं. म्हणजे हाडाला भार मिळेल आणि तो किती मिळाला तेही कळेल.

आणि मारुती तयार झाला! उभं राहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा, पण वजन करायला त्याची हरकत नव्हती. रोज सकाळी तो कुबड्यांवर बाजारात जायचा आणि पारड्यात पाय द्यायचा. गूळ विकायला आलेले शेतकरी भोवती गोळा व्हायचे. कुंभाराकडं, न्हाव्याकडं, सगळीकडं एकच चौकशी, मारुती आज कितीवर गेला? दहा शेरावर गेला त्या दिवशी शेटनं स्वतःच्या हातानं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात नुकत्याच आलेल्या वजनाच्या यंत्रावर पाय ठेवायला सांगितलं. म्हणाले, काल दाबलास तेवढाच दाब. मारुतीनं दाबला. काटा दहा शेर ओलांडून थेट पंधरावर गेला. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा पंधरा. डॉक्टर घाबरले. सांगितल्याच्या दीडपट भार या कच्च्या हाडावर रोज पडत होता! ते तडक अडतीवर आले, मागोमाग मारुती, मागोमाग आम्ही. शेट, तुमचा काटा खोटा आहे, डॉक्टर म्हणाले.

शेट जरासुद्धा हलले नाहीत. काटा खोटा कसा असेल, ते म्हणाले, आमच्याकडं काटे दोन असतात. एक विक्रीचा, एक खरेदीचा. मारुतीचा पाय कुठल्या काट्यावर ठेवत होतात, डॉक्टरांनी विचारलं.

"पाय भाईरनं आत आला न्हवं?" शेट म्हणाले. "मग खरेदीचाच की."

पंधरा शेराला दहा भरणाऱ्या त्या काट्याभोवती त्या वेळी वीस-पंचवीस शेतकरी आपापल्या ढेपा घेऊन उभे होते. त्या दिवशी बाजारात पुढं काय झालं तो वेगळा किस्सा आहे. शेट महिनाभर पाहुण्यांकडं जाऊन राहिले, एवढंच सांगतो.

डॉक्टरांनी तिथंच गुळाच्या पोत्यावर मारुतीला बसवून नडगी दाबून बघितली. हाड खणखणीत! जास्त भारानं उलट लवकर पक्कं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊठ आणि चाल. पण मारुतीच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती. दीडपट पडला? म्हणजे मोडलाच असता की! त्यानं पाय जो उचलला तो परत वीतभर वर.

*

फाल्गुन आला. वस्ताद, डॉक्टर, शिदा, मी आणि मारुती असे रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं कुंडलला गेलो. मारुतीनं नवा पटका बांधला होता आणि तो सारखा सरळ करत होता.

सुभेदार सोप्यात खुर्ची टाकून बसले होते, पांढऱ्या गलमिशा, कोटाला बिल्ले. त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगितलं, कुबड्या गाडीत राहू द्या. कुणाचा खांदा पण नको. मारुतीनं कुबड्या दिल्या. उजव्या पायावर उड्या मारत तो अंगणातल्या पाय धुवायच्या धोंड्यापर्यंत आला, आणि तिथं थांबला. पुढं उंबरा पाच-सहा पावलांवर होता. डाव्या पायाचा अंगठा जमिनीला लागे न लागेसा टेकलेला. टाच वर.

"पाहुनं, आत या," सुभेदार म्हणाले.

मारुती हलला नाही. कपाळावरून घाम वाहत होता. डॉक्टर मागून हळूच म्हणत होते, टाक भार, टाक. वस्तादांनी मान खाली घातली होती. एवढ्या लांब येऊन हा गडी आता इथून मागं फिरणार, आणि जन्मभर त्याला हे अंगण आठवणार, असं मला वाटलं. सुभेदारांनीही बराच वेळ वाट बघितली. मग त्यांनी मोठा उसासा टाकला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, सोयरीक जुळो न जुळो, दारात आलेल्याला पाणी द्यायची आमची रीत आहे. त्यांनी आत हाक मारली.

हिरा तांब्या घेऊन बाहेर आली. खाली बघत आली, धोंड्यापाशी उभी राहिली आणि मारुतीच्या उजव्या पायावर पाणी ओतायला लागली. मारुती तिच्याकडं बघत होता. पायावर पाणी पडलं की कुणीही करतं तेच त्यानं केलं. उजवा पाय उचलला, वाकला आणि टाच चोळायला लागला.

डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

मारुतीनं टाच चोळली, तळवा चोळला, बोटांच्या बेचक्या चोळल्या. नजर हिरावर. तांब्या संपला. हिरानं घंगाळातून दुसरा भरून घेतला आणि पुन्हा त्याच पायावर ओतला. मारुतीनं पुन्हा टाच चोळली. सुभेदार खुर्चीतून अर्धे उठले होते. शिदानं तोंडावर हात धरला होता. हिरानं तिसरा तांब्या भरला.

एवढी माणसं आपल्या डाव्या पायाकडं का बघतायत हे मारुतीच्या मग ध्यानात आलं. त्यानं खाली बघितलं आणि तसाच थिजला, उजवा पाय हातात धरून.

हिरानं तांब्या थांबवला.

"ह्यो लय धुतला," ती म्हणाली. "आता दुसरा धुवा."